काका, दहाचा पाना जागेवर आहे

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही आमचा शेजार सोडून गोंदियाला लेकीकडे राहायला गेलात त्याला आता आठ महिने झाले. फोनवर मी आभाराचं काही बोलायला लागले की तुम्ही "बरं बरं, जेवली का पोरी?" म्हणून विषय मोडता. म्हणून आज लिहायला बसले. चारचौघांना वाचता येईल असंच लिहिते आहे, कारण आठ बाय दहाच्या खोलीत हत्यारं घेऊन पोट भरणारी पुष्कळ माणसं या नागपुरात आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामी येईल. नातवाकडून वाचून घ्या.

ज्यांना आपलं शहर माहीत नाही त्यांना आधी सांगते. होळी झाली की नागपुरात घरोघरचे कूलर गच्चीवरून, माळ्यावरून खाली उतरतात. कुणाची मोटर जाम, कुणाचा पंप बसलेला, कुणाच्या टाकीला भोक, आणि गवत तर सगळ्यांचंच बदलायचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो तेव्हा बंद कूलर म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आणि लेकरांचे हाल. मार्च ते जून आमची चार महिन्यांची सुगी. आयटीआयचा वायरमन ट्रेड करून मी मानेवाड्यात घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं, ते याच भरवशावर.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. एका घरी मोटर बदलून दिली, गवत बसवलं, पाणी भरलं आणि बटण दाबलं. दोन-तीन मिनिटं नीट चाललं. मग खण्णकन आवाज आला. मोटरचा क्लॅम्प कसताना दहाचा पाना मी आत स्टँडवर ठेवला होता आणि तसाच विसरले होते. थरथरीने तो सरकला आणि पात्यात गेला. पातं वाकलं, पाना पुढच्या जाळीवर आदळला आणि जाळीच्या दोन पट्ट्या तुटल्या. समोर सतरंजीवर सात-आठ महिन्यांचं बाळ झोपलं होतं. त्याला काही झालं नाही. त्याच्या आजीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं, बाळ उचललं आणि आतल्या खोलीत गेली. ती काहीच बोलली नाही. पातं, जाळी मी माझ्या पैशानं बदलून दिली, पण ते बाळाला उचलणं आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आईनं तुम्हाला ते सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी तुम्ही फाटकातून आत आलात. उभा जन्म मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून काढलेला माणूस. अडीच फुटी रुळांवर धावणारे ते छोटे डबे तुमच्या हातांनी दुरुस्त झालेले. नागपूर-नागभीडची छोटी लाइन २०१९ मध्ये बंद झाली तेव्हा तुम्ही शेवटची गाडी पाहायला गेला होतात आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हतात, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, आता रागवाल. तुम्ही विचारलंत, "पाना आत राहिला हे तुले कधी समजलं?"

"आवाज आला तेव्हा."

"म्हणजे पेटी बंद करताना समजलंच नाई. मंग चूक विसरण्यात नाई. पेटीनं तुले सांगितलं नाई, ती चूक."

माझी पेटी सांगणार तरी कशी होती? सगळी हत्यारं एकावर एक, कानशी पकडींखाली, पेचकस तळाशी. एक कमी असलं तरी ती तशीच दिसायची. भिंतीवर हत्यारं टांगायची एक लाकडी पाटी होती, पण ती मी जिथं काम शिकले त्या दुकानातली पाहून तशीच्या तशी करून घेतली होती आणि सुताराने त्याच्या उंचीप्रमाणे ठोकली होती. वरच्या ओळीसाठी मला टाचा उंचवाव्या लागायच्या, म्हणून तिथं नेलेलं हत्यार परत तिथं जायचंच नाही. टेबलावर पडून राहायचं.

मी म्हटलं, उद्याच नवीन पाटी करू. तुम्ही म्हणालात, "घाई कायची हाय? आधी मोजू."

आणि तुम्ही चार दिवस माझ्या दुकानात स्टुलावर बसून राहिलात. हातात खडू. मी जे हत्यार उचलेन त्याच्या नावापुढे फरशीवर एक रेघ. मला पहिल्या दिवशी संकोच वाटला, दुसऱ्या दिवशी विसरून गेले की तुम्ही बसला आहात. चौथ्या संध्याकाळी आपण रेघा मोजल्या. हत्यारं ४३. त्यातल्या ११ हत्यारांपुढे रेघांची गर्दी: दहाचा पाना, दोन पेचकस, पक्कड, नोज प्लायर, टेस्टर, पत्राकात्री, हातोडी, पोगर (पंच), वायर छिलायचा चिमटा, चपटी कानस. आणि १७ अशी, ज्यांच्यापुढे एकही रेघ नाही. चार पक्कडी होत्या माझ्याकडे, काका! सापडत नव्हती म्हणून दर वेळी नवीन घेतलेली. ती सतरा तुम्ही पत्र्याच्या पेटीत घालून पलंगाखाली सरकवायला लावलीत. महिन्याभरात त्यातली तीनच बाहेर काढावी लागली.

आयटीआयच्या भिंतीवर फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचा तक्ता होता. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. परीक्षेसाठी मी पाचही जपानी शब्द पाठ केले होते आणि मार्कही मिळवले होते. सेइरी म्हणजे नको ते बाजूला काढणं, हे मला त्या सतरा हत्यारांनी शिकवलं.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच होती. मोजणी संपल्यावर तुम्ही म्हणालात, "तू डावखुरी हायस. तुझी पाटी उजव्या हाताची हाय." मी पंचवीस वर्षांची बाई, जन्मापासून डाव्या हातानं काम करते, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दर हत्यारासाठी मी अख्खं अंग वळवत होते. शिकताना कुणी सांगितलं नाही, कारण सगळे उजव्या हाताचे.

मग तुम्ही मला टेबलापुढे रोजच्या जागी उभं केलंत, डाव्या हातात खडू दिलात आणि म्हणालात, पाय हलवू नको, कोपर अंगाजवळ ठेव, हात जाते तितकी रेघ मार. भिंतीवर एक छोटी कमान उमटली. मग हात पूर्ण लांब करून दुसरी, मोठी कमान. छोट्या कमानीत ती अकरा हत्यारं. मोठ्या कमानीत बाकीची. कमानीबाहेर काहीच नाही. जड हातोडी कमरेच्या उंचीला, डोक्याच्या वर जड काही टांगायचं नाही. ती खडूची रेघ पाटीमागे गेली आहे, पण मी ती पुसली नाही.

पाटीसाठी लकडगंजात जाऊन बारा एमएम प्लायचा तुकडा आणला. भिंतीला सरळ ठोकायला निघाले तर तुम्ही थांबवलंत आणि मागे इंचभर जाडीच्या पट्ट्या लावल्यात, कारण पावसाळ्यात आमची ती भिंत ओलावते. मागून हवा खेळली नाही तर प्लाय फुगेल आणि हत्यारांना गंज धरेल. पेचकसांसाठी पीव्हीसी पाइपाचे तुकडे वरच्या बाजूनं तिरके कापून स्क्रूनं बसवले. टोक खाली गेलं की फुलीचा कोणता आणि चपटा कोणता ते दिसत नाही, म्हणून दांड्याच्या बुडाला लाल ठिपका फुलीचा, पांढरा चपट्याचा. पान्यांच्या खिळ्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले, म्हणजे पाने हलत नाहीत, वाजत नाहीत. कानशी मात्र प्रत्येक वेगळ्या खाचेत. एकीवर एक घासली की कानशीचे दात मरतात, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. पेटीत मी किती कानशी अशा मारल्या असतील!

आणि मग रंग. सगळी पाटी पांढरी. प्रत्येक हत्यार जागेवर टेकवून पेन्सिलीनं कड काढली आणि आतला आकार ग्रिलला मारून उरलेल्या रेड ऑक्साइडनं भरला. हत्यार जागेवर असलं की ते तांबडं झाकलं जातं. नसलं की पाना नाही, पण पान्याच्या आकाराचा तांबडा डाग दिसतो. रस्त्यावरून, फाटकातूनसुद्धा दिसतो. आता मी दुकान बंद करताना हत्यारं मोजत नाही. तांबडं दिसतं का, एवढंच पाहते.

तुमची एक गोष्ट मी आधी मानली नव्हती. मला चुंबकाची पट्टी हवी होती. बाजारात छान मिळते, हत्यार नुसतं टेकवलं की चिकटतं. तुम्ही नको म्हणालात. तरी तुम्ही गेल्यावर मी आणलीच. महिन्यात कानशीला आणि पोगराला चुंबकत्व आलं, लोखंडाचा कीस त्यांना चिकटून राहू लागला, आणि कानस तर ब्रशनं झाडली तरी साफ होईना. पट्टी काढून टाकली. एक छोटं चुंबक मात्र ठेवलं आहे, वाटीच्या बुडाला चिकटवून, सुटे स्क्रू सांडू नयेत म्हणून. तेवढ्याला तुमची हरकत नसावी.

पत्राकात्रीचंही सांगायचं राहिलं. लाल दांड्याची कात्री डावीकडे वळण कापते, हिरव्या दांड्याची उजवीकडे, आणि डाव्या हाताला बहुतेकदा हिरवी सोयीची पडते. दुकानदारानं मला लालच दिली होती, आणि टाकीचा गोल कापताना माझं मनगट दुखायचं त्याचं कारण तेच. तुम्ही हिरवी आणून दिलीत आणि पैसे घेतले नाहीत.

घरोघरी जाताना पाटी नेता येत नाही, म्हणून जुन्या जीन्सची गुंडाळी आईकडून शिवून घेतली. चौदा खिसे, चौदा हत्यारं, प्रत्येक खिसा आतून तांबड्या कापडाचा. कूलरचं बटण दाबायच्या आधी मी गुंडाळी जमिनीवर उघडते. एकही तांबडं दिसता कामा नये, मगच बटण. ग्राहक विचारतात हे काय करते. मी सांगते, आमच्या काकांचा नियम आहे.

उसन्या हत्यारांसाठी तुम्ही वर्कशॉपातली पद्धत लावून दिलीत. तिथं टूलरूममधून हत्यार घ्यायचं तर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यावा लागायचा आणि तो हत्याराच्या जागी टांगला जायचा. तुम्ही मला पत्र्याच्या गोल चकत्या कापून दिल्यात. आता बाजूचा वेल्डिंगवाला रिव्हेट गन न्यायला आला की चकतीवर खडूनं स्वतःचं नाव लिहितो आणि खिळ्याला अडकवतो. त्याला राग येईल असं मला वाटलं होतं. उलट त्यानं स्वतःच्या दुकानात तसंच केलं.

पहिल्या पावसाळ्यात तुम्ही दांड्यांना जवसाचं तेल लावायला सांगितलंत आणि लोखंडाला मशीन ऑइल. अदलाबदल करू नको म्हणालात, कारण जवसाचं तेल वाळून चिकट थर धरतं. लाकडाला तो हवाच असतो, पण पक्कडीच्या सांध्यात गेला तर पक्कड जाम. आणि त्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाही, कारण ते तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मी ती तारेवर पसरून वाळवते. हे मात्र इथं वाचणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवा, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच.

यंदाच्या हंगामात ६८ कूलर केले, काका. पूर्वी दिवसाला तीन झाले की मी थकून जायचे, आता पाच होतात आणि संध्याकाळी खांदा दुखत नाही. एकही हत्यार कुणाच्या घरी राहिलं नाही. मे महिन्यात त्याच घरून पुन्हा बोलावणं आलं. मी घाबरतच गेले. बाळ आता पळतं. मी गुंडाळी उघडली तेव्हा ते शेजारी येऊन बसलं आणि तिची आजी, हो, ती मुलगी आहे, मला तेव्हा माहीतही नव्हतं, आजी माझ्यासाठी पन्हं घेऊन आली.

नोज प्लायरच्या खिळ्यावर तुमच्या अक्षरातली चकती अजून टांगलेली आहे. गोंदियाला निघायच्या आदल्या दिवशी लेकीच्या मिक्सरसाठी म्हणून तो तुम्ही नेलात आणि नियमाप्रमाणे स्वतःच्या हातानं नाव लिहून गेलात. मी दुसरा घेतला आहे, पण तो टेबलाच्या खणात ठेवते. पाटीवरची ती जागा तुमची. पोळ्याला याल म्हणालात तेव्हा घेऊन या, घाई नाही.

तुमची,
शेजारची पोर
मानेवाडा, नागपूर