मणका सरकतो तो कशानं?

संपादक साहेब,

आमच्या खानापूर भागात कंबर धरली की 'गॅप आलाय' म्हणून सगळे मोकळे होतात, पण मणका सरकणं वेगळंच, त्यात एक मणका खालच्या मणक्यावरनं पुढं घसरतो. पन्नाशीनंतर मागचे सांधे आणि मधली गादी झिजते, पकड सैल पडते, हे बायकांत जास्त आणि बहुतेक कमरेच्या चौथ्या मणक्याचं.

तरुण पोरांचं कारण दुसरंच. फास्ट बॉलिंग, जिम्नॅस्टिक, वेटलिफ्टिंग, म्हणजे पाठ सारखी मागं वाकवून ताण द्यायचे प्रकार, त्यानं मणक्यामागच्या हाडाच्या बारीक भागाला चीर पडते आणि मग पाचवा मणका सरकू शकतो. बेळगावच्या तालमीतल्या वस्तादांनीही बघावं, पोरगं कंबर दुखते म्हणून आठवडेच्या आठवडे सांगत असेल तर त्याला आळशी ठरवून जोर वाढवू नका. काहींचा जोडच जन्मापासनं कच्चा, क्वचित अपघात नाहीतर गाठ.

पुष्कळांना त्रासच नसतो, एक्सरेत सहज दिसतं. पण पाय लुळे पडले, लघवी अडकली तर मणका 'बसवून' देणाऱ्याकडं कशाला जाता, थेट हॉस्पिटल गाठा. आपल्या पेपरात हाडांच्या डॉक्टरांचा एखादा कॉलम सुरू करा की.

– एक वाचक, खानापूर