नाकावर टिच्चून नव्हे, शेजाऱ्याच्या पाण्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सिंगापूरवरचा लेख वाचला. बंदर, विमानतळ, स्वच्छता, घरबांधणी हे सगळे त्यात नेमके आले आहे. पण मलेशियातून वेगळ्या झालेल्या या बेटाने शेजाऱ्यांच्या नाकावर टिच्चून प्रगती केली, असा जो सूर त्यात आहे, तो मला खटकला. म्हणून हे पत्र.

मी मूळची साताऱ्याची. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाच्या गोष्टी घरात ऐकत मोठी झाले. गेली सोळा वर्षे सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्समध्ये राहते. इथून मलेशियाच्या जोहोर राज्यातल्या जोहोर बाहरू शहराला जाणाऱ्या कॉजवेवर, म्हणजे समुद्राच्या पट्टीवर बांधलेल्या रस्त्यावर, चढले की रस्त्याच्या कडेने जाणारे जाडजूड नळ दिसतात. त्यांतून जोहोरचे पाणी या देशात येते. ज्याच्या पाण्यावर आपला चहा होतो, त्याच्या नाकावर टिच्चून जगता येत नाही.

या नळांचे मोल इथल्या लोकांना १९४२ मध्येच कळले. जपानी फौजा खाली येत होत्या तेव्हा माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी ३१ जानेवारीला कॉजवे उडवला आणि त्याबरोबर पाण्याची वाहिनीही तुटली. पंधरा दिवसांनी सिंगापूर पडले. शरणागतीच्या कारणांत पाण्याची टंचाई हे एक होते. पुढे ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियापासून फारकत झाली, तेव्हा जोहोरच्या पाण्याचे १९६१ आणि १९६२ चे दोन्ही करार पाळण्याची हमी थेट विभक्ततेच्या करारातच लिहून घेतली गेली. सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू त्या दिवशी दूरचित्रवाणीवर रडले, हे सगळ्यांना आठवते. त्या कागदातले पाण्याचे कलम फारसे कोणाला ठाऊक नसते.

१९६१ चा करार २०११ मध्ये संपला. १९६२ चा २०६१ पर्यंत चालेल. त्यानुसार सिंगापूरला जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन पाणी उचलता येते आणि त्यासाठी हजार गॅलनला ३ सेन (सेन म्हणजे मलेशियाच्या रिंगिटचा शंभरावा भाग) द्यावे लागतात. म्हणजे साडेचार हजार लिटरला आपला एक रुपयाही नाही. शुद्ध केलेल्या पाण्याचा काही भाग जोहोरला ५० सेन दराने परत दिला जातो. शुद्धीकरणाचा खर्च त्याहून जास्त येतो, असे सिंगापूर सांगते. पंचवीस वर्षांनी, म्हणजे १९८७ मध्ये, दर बदलून मागण्याची सोय करारात होती. तेव्हा मलेशियाने तो मागितला नाही, आता तो हक्क राहिला नाही, ही सिंगापूरची भूमिका आहे. कायद्याच्या दृष्टीने ती भक्कम असेल. पण माझे प्रामाणिक मत असे की जगातल्या श्रीमंत देशांत गणना होणाऱ्याने ३ सेनला चिकटून बसू नये. आमच्या मुलांच्या शाळेची बस चालवणारे काका रोज पहाटे चारला जोहोरमधल्या घरातून निघतात. कॉजवेवरून रोज तीन लाखांच्या आसपास माणसे ये-जा करतात, त्यांतले ते एक. या दराचा विषय निघाला की ते गप्प होतात. ते गप्प होणे मला लागते.

तरीही दोन्ही बाजूंनी एक गोष्ट जपली आहे. भांडण कितीही पेटले तरी नळ बंद झाला नाही. उलट १९९० मध्ये जोहोरशी आणखी एक करार होऊन मलेशियाच्या भूमीवर लिंग्यू धरण सिंगापूरच्या पैशाने उभे राहिले. पेद्रा ब्रांका या खडकाळ बेटाचा वाद दोघांनी मिळून आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. २००८ मध्ये ते बेट सिंगापूरला मिळाले, जवळचे मिडल रॉक्स मलेशियाला. सिंगापुरातल्या तांजोंग पगार या मलेशियाच्या रेल्वे स्थानकाचा गुंताही वाटाघाटीने सुटला आणि ३० जून २०११ च्या रात्री तिथून सुटलेली शेवटची गाडी खुद्द जोहोरच्या सुलतानांनी चालवली.

इंडोनेशियाची गोष्ट तर याहून कठीण होती. तिथली लोकसंख्या आज २७ कोटींहून अधिक, सिंगापूरची जेमतेम ६० लाख. मार्च १९६५ मध्ये इंडोनेशियाच्या दोन नौसैनिकांनी इथल्या मॅकडोनाल्ड हाउसमध्ये बॉम्ब ठेवला, तीन माणसे गेली. १९६८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी दयेची विनंती केली असतानाही, त्या दोघांना इथे फाशी झाली. जाकार्तात सिंगापूरच्या दूतावासावर जमाव चालून गेला. आणि १९७३ मध्ये ली क्वान यू जाकार्ताला गेले, तेव्हा त्यांनी कालिबाता स्मशानभूमीत त्याच दोघांच्या थडग्यांवर फुले वाहिली. ज्यांना आपल्याच न्यायालयाने दोषी ठरवले, त्यांच्या थडग्यापुढे पंतप्रधानाने उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हे. शिक्षा चुकली असे ते म्हणाले नाहीत. पण शेजाऱ्याच्या दुःखाचा मान राखला. जखम पुरती भरली असेही नाही. २०१४ मध्ये इंडोनेशियाने एका युद्धनौकेला त्या दोघांची नावे दिली, तेव्हा इथे नाराजी उसळली. पण त्या फुलांनंतर दोन्ही देशांचा व्यवहार पुन्हा सुरळीत झाला, हे खरे.

शेजाऱ्याने हात आखडता घेतल्याचे दिवसही इथे येतात. १ जून २०२२ पासून मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली. इथे लागणाऱ्या कोंबड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तिथून येत. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, चिकन राइसवाल्या आजी हवालदिल झाल्या होत्या. महिनाभरात सरकारने इंडोनेशियातून कोंबड्या आणायला परवानगी दिली. पाण्याच्या बाबतीतही हीच तयारी आहे. २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून केलेले ‘न्यूवॉटर’ आहे, २००५ पासून समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प आहे. मोठ्या शेजाऱ्याशी बोलताना छोट्याचा आवाज कापत नाही तो यामुळे. वाळूवर मात्र असा उपाय नव्हता. समुद्रात भर घालून सिंगापूरने जमीन वाढवली, त्यासाठी शेजाऱ्यांची वाळू आणली आणि शेवटी मलेशियाने १९९७ मध्ये व इंडोनेशियाने २००७ मध्ये ती देणे थांबवले. किनारे खचतात ही त्यांची तक्रार रास्त होती, असे मला वाटते.

२०६१ मध्ये करार संपेल तेव्हा माझा धाकटा मुलगा पन्नाशीला आलेला असेल. तोवर दोन्ही बाजू काय बोलतील, याची इथल्या मराठी घरांतही चर्चा व्हावी असे मला मनापासून वाटते. आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या वेळी सिंगापूरवर लिहाल तेव्हा आपल्या प्रतिनिधीला कॉजवे ओलांडून पलीकडेही पाठवा. जोहोरमधल्या माणसाला सिंगापूर कसे दिसते, हे मराठीत मी अजून वाचलेले नाही.

आपली नम्र,
एक वाचक, वुडलँड्स, सिंगापूर