लॅटिन, कंपास आणि घरातली मराठी

वसई, १२ जून

प्रिय मित्रा,

तुझी लेक सप्टेंबरात सहावीत जाणार, तिथल्या अमेरिकेतल्या पॅरिशच्या (चर्चच्या) शाळेनं ‘क्लासिकल’ व्हायचं, म्हणजे लॅटिन, तर्क, वक्तृत्व असं जुन्या पद्धतीनं शिकवायचं ठरवलंय आणि पालकांच्या हातात भलीमोठी पुस्तकांची यादी ठेवलीय, हे वाचलं. यादी तूर्त कपाटात टाक. सहावी ते आठवी या तीन वर्षांत पोरीला लॅटिनचं वाक्य उलगडता आलं, एक परिच्छेद धड रचता आला आणि ‘कशावरून?’ला उत्तर देता आलं, तरी भरून पावलं.

तिथले पालक म्हणतात की लहानपणी पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व अशा पायऱ्या असतात. व्याकरण, तर्क, वक्तृत्व ही त्रयी जुनीच. पण तिची अशी वयाबरहुकूम वाटणी इंग्रज लेखिका डोरोथी सेअर्स यांच्या १९४७ च्या भाषणातून आली, आणि त्या कॅथलिक नव्हे, अँग्लिकन होत्या. तेव्हा ‘सहावी लागली, आता पाठांतर पुरे’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. त्यापेक्षा जेझुइटांची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाची, १५९९ ची ‘रातिओ स्तुदिओरुम’ ही शिक्षणाची योजना बघ. तिच्यात खालचे पाच वर्ग आहेत: तीन व्याकरणाचे, एक साहित्याचा, एक वक्तृत्वाचा. धडा शिकवायची रीतही साधी. आधी गुरुजी उतारा मोठ्यानं वाचतात, थोडक्यात आशय सांगतात, मग एकेक वाक्य सोडवतात. दुसऱ्या दिवशी मुलं तेच म्हणून दाखवतात आणि शनिवारी आठवड्याचं सगळं पुन्हा. आजकाल सगळ्यांत आधी गळतो तो हा शनिवारच, आणि मग डिसेंबरात पोरं ऑगस्टचं विसरलेली असतात.

लॅटिनला रोज चाळीस मिनिटं दे, आठवड्याचे पाच दिवस. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही. पहिली दहा मिनिटं कालचं, मग नवीन, शेवटी दोन वाक्यं वहीत. नवे शब्द आठवड्याला आठ-दहाच. उच्चार पहिल्या दिवसापासून चर्चचे ठेव: सीच्या पुढे ए-ई आला की ‘च’, जीच्या पुढे आला की ‘ज’. विद्यापीठातले लोक तिथे ‘क’ आणि ‘ग’ म्हणतात. दोन्ही मिसळले की पोर मिस्सामध्ये (चर्चच्या उपासनेत) एक म्हणते नि वर्गात दुसरं, आणि शुद्धलेखनाचं वाटोळं होतं.

खरी मेख विभक्तीत आहे. अमेरिकन मुलांना विभक्ती म्हणजे काय हेच आधी समजवावं लागतं. तुझी लेक घरी ‘घराला, घरात, घरातून’ म्हणतेच. फक्त आपल्या भाषेतले चार खड्डे तिला आधीच दाखव.

पहिला कर्माचा. ‘मुलगी गुलाब नेते’ यात गुलाबाला प्रत्यय नाही, म्हणून पोर लॅटिनमध्येही ‘रोझा’ तसाच ठेवते. तिथे ‘पुएल्ला रोझाम पोर्तात’ असंच हवं. दुसरा ‘ला’चा. ‘मुलीला बघतो’ आणि ‘मुलीला देतो’ हे आपल्याकडे एकच. लॅटिनमध्ये पहिलं ‘पुएल्लाम’, दुसरं ‘पुएल्ले’. तिसरा षष्ठीचा. ‘मुलीचा, मुलीची, मुलीचे’ या सगळ्यांना तिकडे एकच ‘पुएल्ले’, पुढचं नाम काहीही असो. आणि चौथा, सगळ्यांत खोल: आपली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी लॅटिनच्या अब्लातिवूस या एकट्या विभक्तीनं गिळलीय. त्यामुळे ‘नं’, ‘हून’ की ‘त’ हे वाक्य बघूनच ठरवावं लागतं.

तक्ते गाण्यासारखे घडाघडा म्हणणारी मुलं वाक्यात ‘रोझे’ दिसलं की थबकतात, कारण ते गुलाबाचं, गुलाबाला आणि अनेक गुलाब, तिन्ही असू शकतं. म्हणून तक्ता म्हणून झाला की लगेच मधलंच एखादं रूप विचार: कुठली विभक्ती, कुठलं वचन, आणखी काय असू शकेल? सरावाला ‘पातेर नोस्तेर’ घे, म्हणजे येशूनं शिकवलेली ‘आमच्या पित्या’ ही प्रार्थना. ‘पानेम नोस्त्रुम क्वोतिदियानुम दा नोबिस होदिए’ हे ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’च्या खाली लिहायला लाव आणि कुठला शब्द कुठे गेला त्याच्या रेघा ओढायला सांग. ‘दा’ म्हणजे ‘दे’ हे तिला न सांगता कळेल.

लेखनासाठी जुन्या ग्रीक शाळांचे चौदा सराव आहेत, प्रोजिम्नास्माता. सहावीला पहिले दोनच: नीतिकथा आणि प्रसंगकथन. एकच कथा निम्म्या शब्दांत, मग दुपटीत, मग कोल्ह्याच्या तोंडून. सातवीत म्हणीचा सराव. म्हण घ्यायची आणि आठ अंगांनी उलगडायची: सांगणाऱ्याची प्रशंसा, अर्थ, कारण, उलट बाजू, तुलना, उदाहरण, जुन्यांची साक्ष, समारोप. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ घेऊन बघ. मुलं अडतात ती उलट बाजूवर. ‘थेंब थांबला तर तळ्याचं काय?’ असं विचारलं की गाडी सुटते. एक धोका: पोर आठ रकाने भरते आणि निबंध झाला म्हणते. आठ अंगं म्हणजे आठ परिच्छेद नव्हेत. जिथे काही सुचत नाही तिथे एक ओळ पुरे.

तर्कशास्त्र सातवीच्या आधी नको. पद, विधान, अनुमान, एवढ्या तीन पायऱ्यांना वर्ष जातं. ‘सगळे संत प्रार्थना करतात, आजी प्रार्थना करते, म्हणून आजी संत’ यात काय चुकलं ते तिला शोधू दे. (आजीला विचारू नये.) तर्कदोषांची यादी मात्र शेवटी. आधी दिली तर बारा वर्षांचं पोर जेवणाच्या टेबलावर प्रत्येक वाक्याला दोष लावत बसतं आणि स्वतः एकही अनुमान मांडत नाही.

गणितात युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथाचा पहिला भाग, तोही अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस सिद्धता नाहीत. पहिल्या पंधरा, मग बत्तिसावी आणि सत्तेचाळिसावी, म्हणजे पायथागोरस. आठवड्याला एकच. कंपास-पट्टीनं आकृती काढायची आणि प्रत्येक रेघेला ‘का’ म्हणायचं. दुसऱ्या सिद्धतेत एका रेघेएवढीच रेघ दुसऱ्या बिंदूपासून काढायची असते, तिथे ती चिडेल: कंपास उचलून तिकडे ठेवला की झालं, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? तिला सांग, युक्लिडचा कंपास कागदावरून उचलला की मिटतो. मग तीच सिद्धता मजेची होते.

ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गाण्याला, रोज दहा मिनिटं. चार रेघांची स्वरलिपी असते आणि आधारस्वराची खूण वरखाली सरकते. पेटीवर सा बदलायची सवय असेल तर तासाभरात जमतं. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं पाठच करून घे, पण उत्तर आलं की ‘तुझ्या शब्दांत सांग’ हे लगेच.

आणि मराठी सोडू नकोस. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आले, जेझुइटच ते, आणि त्यांचं ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ ला गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं, ओवीत. आठवड्याला दोन ओव्या पाठ करून घे. पहिल्या तीन चरणांचं यमक आणि आखूड चौथा तिनंच बोटांवर मोजून काढावा.

सुरुवातीला एक रेघी वही, पक्क्या स्क्रूचा कंपास आणि लॅटिनचं एकच पुस्तक घे. स्वस्तातल्या कंपासची टोकं ढिली पडतात, आणि वर्तुळ जुळलं नाही की पोर सिद्धतेलाच खोटं ठरवते.

तुझा,
वसईचा मित्र