टॉमीचा संप आणि आमचं लालबाग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी गाण्यांवर लेख आला होता. साठ-सत्तरच्या गाण्यांना अर्थ होता आणि ऐंशीचं दशक संपता संपता नुसते फुगवलेले केस, सिंथेसायझर आणि नाच एवढंच उरलं असं त्यात लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी लालबागचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो, बाबा गिरणीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, त्यामुळे आमच्या घरात तो पुढे कित्येक वर्षं चालूच होता म्हणा ना. आई एका खानावळीत पोळ्या लाटायला जायला लागली, घर तिच्यावर चाललं.

८७ साली खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे गल्फहून आलेला टेपरेकॉर्डर होता आणि कुणाकडून तरी भरून आणलेली एक कॅसेट, त्यातलं बॉन जोव्ही या अमेरिकन रॉक बँडचं 'लिव्हिन ऑन अ प्रेयर' आम्ही फीत ओढली जाईपर्यंत वाजवलं. आम्ही सगळे मराठी मीडियमचे, शब्द कुणाला कळतायत. सुरुवातीला गिटार माणसासारखी वाँव वाँव बोलते तेवढं तोंडाने काढायचो (त्याला टॉक बॉक्स म्हणतात, गिटारचा आवाज एका नळीतून थेट तोंडात येतो आणि वाजवणारा तोंड हलवून त्याला बोल देतो, बँडचा गिटारवाला रिची सॅम्बोरा, त्याने वाजवलाय तो) आणि शेवटी धृपद एकदम वरच्या पट्टीत चढतं तेव्हा चाळीची गॅलरी हलेपर्यंत उड्या मारायच्या. बाबा त्याच गॅलरीत स्टुलावर बसलेले असायचे, काही बोलायचे नाहीत.

मागच्या वर्षी मुलीने मोबाईलवर त्या गाण्याचे शब्द काढून दिले. टॉमी गोदी कामगार आहे, युनियनचा संप चालू आहे, हातात काम नाही, त्याची जीना हॉटेलात दिवसभर राबते आणि तिच्या पगारावर दोघांचं चाललंय, त्याने गिटारसुद्धा गहाण टाकलीय. आमच्याकडे गिटार नव्हती, पितळेचा हंडा गेला होता. म्हणजे आमच्याच घरातली गोष्ट त्या कॅसेटवर चालू होती, त्यावर आम्ही उड्या मारत होतो आणि ज्यांची गोष्ट ते चार हातांवर बसलेले. बाबांना तेव्हा अर्थ सांगायला हवा होता असं फार वाटतं. आणि हे काही कोपऱ्यातलं गाणं नाही हो, फेब्रुवारी १९८७ मध्ये ते बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, पहिल्या नंबरला गेलं आणि चार आठवडे तिथेच होतं.

मग मी त्या तीन-चार वर्षांतली बाकीची गाणीही शब्द समोर ठेवून ऐकायला लागलो. सुझान व्हेगाचं 'लुका', ८७ चंच, अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलेलं, त्यात एक लहान मूल खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला सांगतंय की रात्री आवाज आले तर काय झालं ते विचारू नकोस. चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं आणि सकाळी नळावर कुणी विषय काढायचं नाही. फिल कॉलिन्सचं 'अनदर डे इन पॅरडाइज' म्हणजे फुटपाथवरची बाई हाक मारते आणि माणूस ऐकूच आलं नाही असं दाखवून पुढे जातो, ऐंशीच्या दशकाचा शेवटचा बिलबोर्ड नंबर वन हाच, डिसेंबर ८९.

आणि गायिका ट्रेसी चॅपमन. ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये मंडेलांच्या सत्तरीचा कॉन्सर्ट होता, मंडेला तेव्हा तुरुंगातच. स्टीव्ही वंडर वाजवणार होता पण त्याच्या सिंथेसायझरची हार्ड डिस्क हरवली आणि तो परत फिरला, मग ती वेळ भरून काढायला हिला पुन्हा स्टेजवर पाठवलं, एकटी मुलगी आणि एक गिटार, त्या एवढ्या गर्दीपुढे. तिचं 'फास्ट कार' त्यानंतर चार्टवर चढलं. दारुडा बाप, सोडलेली शाळा, दुकानात कॅशियरची नोकरी आणि इथून निघून जायची इच्छा, बस एवढंच आहे त्यात. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या अमेरिकन गायकाने तेच गाणं जवळजवळ जसंच्या तसं गायलं आणि ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, मूळ गाण्यापेक्षा वर. यात सिंथेसायझर आणि फुगवलेले केस कुठे आले?

नुसती नाचायची गाणी होतीच, रिक अ‍ॅस्टली मलाही आवडतो, त्याबद्दल भांडण नाही. 'द फायनल काउंटडाउन'ची ती पिपाणीसारखी धून तर आपल्याकडे 'मैंने प्यार किया'त राम-लक्ष्मणनी वापरली, म्हणजे दादा कोंडकेंच्या सिनेमांना संगीत देणारे आपले विजय पाटील, तेव्हा आमच्या आयांनासुद्धा ती धून पाठ होती. पण तेवढ्यावरून सगळ्या दशकाला बिनअर्थाचं म्हणणं बरोबर नाही, लेखकाने शब्द वाचलेले दिसत नाहीत.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत दर रविवारी यातल्या एका गाण्याचा मतलब साध्या मराठीत द्या, कोपऱ्यात दिलात तरी चालेल. आमच्यासारखे खूप जण आहेत ज्यांना चाल पाठ आहे आणि शब्द माहीत नाहीत. पहिलं टॉमी आणि जीनाचं घ्या.

आपला,
एक वाचक
लालबाग (हल्ली मुक्काम बदलापूर)