जुंटा म्हणजे मुळात समिती

महोदय,

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यापासून ‘जुंटा’ हा शब्द मराठी बातम्यांतही रुळला आहे. पण त्याच्या मूळ अर्थात बंदूक कुठेच नाही. स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ‘हुंता’च्या जवळ जाणारा, आणि अर्थ साधा: एकत्र जमलेले लोक, समिती. लॅटिनमधील जोडणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. संस्कृत ‘युज्’ आणि आपल्या बैलांच्या मानेवरचे जू हे त्याचेच नातलग.

१८०८ मध्ये नेपोलियनचे सैन्य स्पेनमध्ये घुसले, तेव्हा त्याच्याविरुद्ध गावोगावी, प्रांतोप्रांती उभ्या राहिलेल्या मंडळांना जुंटा म्हणत. म्हणजे तेव्हा तो प्रतिकाराचा शब्द होता! बदनामी झाली ती पुढे, मुख्यतः लॅटिन अमेरिकेत. चिलीत १९७३ मध्ये लष्कर, नौदल, हवाई दल आणि पोलीस अशा चार प्रमुखांनी मिळून सत्ता घेतली. अर्जेंटिनात १९७६ मध्ये तिघांनी. दलप्रमुखांची समिती, म्हणून जुंटा. एकट्या हुकूमशहाला हा शब्द लावणे तसे चुकीचेच.

स्पेनमध्ये आजही अंदालुसियाचे लोकनियुक्त प्रांतिक सरकार स्वतःला ‘जुंटा’ म्हणवते. पोर्तुगीजमध्येही अर्थ तोच. पणजीच्या १८ जून मार्गावरचे जुंता हाउस रोज बघणाऱ्या आम्हा गोंयकारांना त्यात रणगाडे दिसत नाहीत, सरकारी फायली दिसतात. (कॉलेजची मुले रोमन लिपीत ‘जनता’ लिहितात तेव्हा स्पेलिंग नेमके हेच (junta) करतात, तो विनोद वेगळाच.)

बातमीत नुसते ‘जुंटा’ न छापता ‘लष्करी जुंटा’ छापावे, एवढीच विनंती.

— एक वाचक, पणजी