सुटकेनंतरचीही बातमी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अपहरणावरच्या वेबमालिका, पॉडकास्ट आणि ‘सिनेस्टाइल अपहरण, थरारक सुटका’ अशा मथळ्यांच्या बातम्या सुटकेपाशी येऊन संपतात. सुटून आलेल्याची खरी परीक्षा तिथून पुढे जबाब, वैद्यकीय तपासणी आणि उलटतपासणीत असते, आणि तिथेच वाचक-प्रेक्षकांच्या मनात भरलेले गैरसमज त्याच्या मुळावर येतात.

पहिला गैरसमज ‘संधी होती तर पळाली का नाही?’ या प्रश्नाचा. अमेरिकेतली एलिझाबेथ स्मार्ट २००२ मध्ये, चौदाव्या वर्षी पळवली गेली. नऊ महिन्यांच्या त्या कैदेत तिला चेहरा झाकून माणसांत फिरवले गेले, तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. जिवाच्या धमकीखाली शरीर गोठते. त्याला संमती म्हणता येत नाही. ऑस्ट्रियाची नताशा काम्पुश २००६ मध्ये स्वतः निसटली, तरी लोकांनी तिच्यावर ‘स्टॉकहोम सिंड्रोम’चा शिक्का मारलाच. तिने तो ठामपणे नाकारला. १९७३ च्या एका बँक दरोड्यावरून रूढ झालेला हा शब्द मानसोपचाराच्या अधिकृत निदानसूचीत नाही. बातमीत तो निदान म्हणून वापरू नये.

दुसरा गैरसमज आठवणींचा. मालिकेत पीडित व्यक्ती सगळे क्रमवार सांगते. प्रत्यक्षात डिझेलचा वास, शटरचा आवाज असे तुकडे आधी आठवतात. वार आणि वेळ मागे पडतात. झोप न झालेल्या मुलाला रात्री दोन वाजता दहा जणांनी दहा वेळा विचारले की ते अंदाजाने उत्तरे देऊ लागते. फिर्यादीत एक आणि दंडाधिकाऱ्यांसमोर दुसरे आले, की बचाव पक्ष नेमकी तीच विसंगती धरतो. म्हणून आधी वैद्यकीय तपासणी, खाणे आणि झोप, मग सविस्तर जबाब. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ एवढेच सांगावे. नंतर आठवलेले पुरवणी जबाबात देता येते. दंडाधिकाऱ्यांसमोरचा, पूर्वी ‘१६४ चा’ म्हटला जाणारा जबाब आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो. घरचे लोक मायेने आंघोळ घालतात, कपडे धुतात आणि पुरावा जातो. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पहिल्या ७२ तासांत तपासणी व्हावी. ९६ तासांपर्यंतही नमुने घेतले जातात.

मालिकांतल्या कोर्टाच्या प्रसंगांबद्दल तर काय सांगावे! प्रत्यक्षात पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या खटल्यात वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाही. तो ते न्यायाधीशांकडे देतो आणि न्यायाधीश विचारतात. आरोपी समोर दिसणार नाही अशी व्यवस्था करावी लागते, मध्ये विश्रांती द्यावी लागते, सुनावणी बंद दालनात होते. पडद्यावरचा आरडाओरडा पाहून कित्येक आईबाप तक्रारच करायला धजत नाहीत, हे त्याचे सर्वांत वाईट फळ.

आता आपल्या नागपुरातल्या बातम्यांकडे. ‘नाव बदलले आहे’ असे छापायचे आणि पुढे वस्ती, वडिलांचा चौकातला पानठेला, शिकवणीची वेळ असे सगळे द्यायचे. मोहल्ल्याला ओळखायला दोन मिनिटे पुरतात. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ गुन्ह्याला बळी पडलेल्या कोणत्याही मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील छापण्यास मनाई करते; खंडणीसाठी पळवलेले मूलही त्यात येते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्याऐवजी अशा बातमीखाली चार ओळींची चौकट द्यावी. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते; गुन्हा त्या ठाण्याच्या हद्दीतला नसेल तर ती ‘शून्य क्रमांका’ने घेतात. बेपत्ता मुलाची तक्रार अपहरण गृहीत धरून नोंदवायची, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आरोपी सापडला नाही तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, आणि स्त्रिया व मुलांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. मदतीसाठी ११२ (तातडीची मदत), १०९८ (मुलांसाठी), १५१०० (मोफत कायदेशीर मदत) हे क्रमांक. महिना उलटूनही झोप लागत नसेल, गाडीच्या आवाजाने दचकायला होत असेल, तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी क्रमांकावर बोलावे किंवा मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात जावे.

एक विनंती लगेच अमलात आणता येईल. बेपत्ता असताना शोधासाठी फोटो छापणे योग्यच. पण मूल सापडले की ई-पेपर, संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांवरून तो त्याच दिवशी काढावा. हे काम संपादकीय विभागातल्या एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे, नाहीतर ते कुणाचेच राहत नाही. आणि खटल्याचा निकाल लागेल तेव्हा, चार वर्षांनी का होईना, त्याचीही बातमी छापावी.

— पीडितांसोबत काम करणारे काही समुपदेशक व वकील, नागपूर