टोपीवाला बीव्हर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

फोटोतला टोपीवाला उंदीर कोण म्हणून विचारलंस. उंदीर नव्हे रे, नदीत बांध घालणारा बीव्हर आहे तो, आणि साधासुधा नाही, बिशप! इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यातल्या बॅबिंग्ली गावाची ती पाटी. सातव्या शतकात धर्मप्रसाराला आलेल्या संत फेलिक्सचं जहाज म्हणे इथल्या नदीत फुटलं. बीव्हरांनी त्याला वाचवलं, तेव्हा त्याने त्यांच्या म्होरक्याला बिशप करून टाकलं. फेलिक्स इतिहासातला खरा. बाकीचं तू ठरव.

इकडे गावोगावी चौकात नाहीतर हिरवळीवर अशी कोरीव, रंगवलेली पाटी खांबावर उभी असते. मध्ययुगातली वाटते, पण कसलं काय! सँड्रिंगहॅमच्या राजघराण्याच्या जमिनीवरल्या खेड्यांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही हौस सुरू झाली. पुढे सहावा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने १९२० साली भाषणात तिची भलामण केली, कारण काय, तर मोटारवाल्यांची सोय!

पण खरं काम केलं तुझ्यासारख्याच एका ड्रॉइंग मास्तरांनी. स्वॉफमच्या शाळेतले हॅरी कार्टर. इजिप्तच्या तूतनखामेन राजाची कबर शोधणारा हॉवर्ड कार्टर यांच्याच नात्यातला. मास्तरांनी दोनशेच्या वर पाट्या कोरल्या. १९२९ साली स्वत:च्या गावासाठी कोरला तो जॉन चॅपमन नावाचा फेरीवाला. त्याला स्वप्न पडलं, लंडन ब्रिजवर जा, नशीब उघडेल. गडी चालत गेला. तिथल्या दुकानदाराने टर उडवली, ‘स्वप्नांच्या नादी लागलो असतो तर मीही स्वॉफमला जाऊन कुणा फेरीवाल्याच्या परसात खणत बसलो असतो!’ चॅपमन तडक घरी. खणलं, तर हंडा!

गंमत म्हणजे जॉन चॅपमन चर्चच्या दप्तरात सापडतो. १४६२ साली तो तिथला कारभारी होता आणि चर्चची उत्तरेकडची बाजू त्याच्या पैशाने उभी राहिली. मला तर तो चांगला मालदार व्यापारीच वाटतो. पण मालदार कारभारी खांबावर बसवला, तर मान वर करून बघणार कोण?

एलिझाबेथ राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाच्या १९७७च्या ज्युबिलीला आणि नव्या सहस्रकाच्या निमित्ताने २००० साली नव्या पाट्यांचं पेवच फुटलं. बऱ्याचशा मिळमिळीत: नांगर, चर्चचा मनोरा, एखादं झाड. कमिटीत सगळ्यांना खूश ठेवायचं म्हटलं की असंच होतं. सफकमधलं वुलपिट मात्र त्यातलं नाही. त्यांच्या पाटीवर लांडगा आहे आणि बाराव्या शतकात शेतात सापडलेली, म्हणे फक्त शेंगांतल्या बिया खाणारी, दोन हिरव्या कातडीची पोरं. तिचाही फोटो सोबत पाठवतोय.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनंत